लॅब परत परत लंगडतोय, कान परत परत वाहतोय? गोळी बदलण्याआधी हे बघून घ्या

तक्रार साधारण अशी असते. लॅब (लॅब्राडॉर) किंवा शेफर्ड जातीचा कुत्रा आहे, वय आठ-नऊ महिने नाहीतर चार-पाच वर्षं, मागच्या पायाने लंगडतो, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या पळायला लागला, घरचे सगळे खूष, आणि महिना-दीड महिन्यात परत तेच. मग डॉक्टर बदलतात, गोळी बदलते, कॅल्शियमचं सिरप चालू होतं, कुणीतरी मालिशचं तेल सुचवतं. खाजेचंही हेच, फक्त पायाच्या जागी कान. ड्रॉप टाकले की बरं, बाटली संपली की परत वास.

माझं म्हणणं एवढंच आहे की जातिवंत कुत्र्याला तेच दुखणं तिसऱ्यांदा झालं की ते दर वेळी नव्याने झालेलं नसतं, ते आत चालूच असतं आणि मधेमधे वर येतं, आणि बऱ्याचदा ते आईबापाकडून आलेलं असतं. असलं दुखणं कोर्स करून संपत नाही, ते आयुष्यभर आवरून धरावं लागतं. पण आवरता येतं, चांगलं आवरता येतं, आणि त्यातला मोठा भाग दवाखान्यात नाही तर घरातच करायचा असतो म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी साध्या गोष्टी काढून टाका

लंगडतोय म्हणजे लगेच खुबा असं नाही. पंजा उलटा करून बोटांमधली कातडी बघा, काटा, काच, रुतलेलं नख, आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोचीड. महाराष्ट्रात लंगडणाऱ्या कुत्र्याचा पहिला संशय गोचीड तापावरच घ्यावा असं मला वाटतं, विशेषतः पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांत. सांधे दुखतात, आज हा पाय उद्या तो पाय, खाणं कमी होतं, अंग गरम लागतं, हिरड्या फिक्या दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्ताची साधी तपासणी करून प्लेटलेट बघितल्या तरी बराच अंदाज येतो. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतू) निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं, आणि लोक दहाव्या दिवशी कुत्रा खेळायला लागला की बंद करतात, तसं करू नका.

शेफर्डचं पिल्लू असेल, वय पाच महिने ते दीड वर्ष, आणि लंगडणं एका पायातून दुसऱ्या पायात फिरत असेल तर पॅनोस्टायटिस असू शकतो. लांब हाडांच्या आतलं दुखणं आहे ते, त्रास होतो पण वय वाढलं की आपोआप थांबतं. आणि मोठा, जाड कुत्रा पळता पळता अचानक एक मागचा पाय पूर्ण उचलूनच धरायला लागला, तर गुडघ्याचा लिगामेंट तुटलाय का ते आधी बघून घ्या.

पुढचा पाय की मागचा हे सुद्धा नीट बघायला लागतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकला की डोकं वर उचललं जातं. मागचा असेल तर चालताना ढुंगण एका बाजूने जास्त वर-खाली होतं. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा, एक बाजूने, एक मागून, कठीण जमिनीवर आणि चालताना, पळताना नको. दवाखान्यात गेलं की घाबरून कुत्रं सरळ चालतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही, तेव्हा हाच व्हिडिओ कामाला येतो. लॅब, गोल्डन, रॉटवायलर पुढच्या पायाने लंगडत असेल, झोपून उठल्यावर जास्त आणि खेळल्यावर परत जास्त, तर कोपराचा डिस्प्लेसिया, म्हणजे वाढताना सांधा नीट न घडणं, बघायला हवा, तोही आईबापाकडूनच येतो.

खुब्याचं नेमकं काय बिघडतं

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत घट्ट बसायला पाहिजे. हिप डिस्प्लेसिया असलेल्या पिल्लाचे खुबे जन्मतः ठीकच दिसतात, पण वाढताना सांधा सैल राहतो, प्रत्येक पावलाला गोळा थोडा बाहेर सरकतो आणि परत आत आपटतो, त्याने वाटीची कड झिजते, वाटी उथळ होत जाते, कूर्चा घासला जातो आणि मग संधिवात. हे एका जीनचं काम नाही, अनेक जीन मिळून होतं, म्हणून आईबाप दोघं धडधाकट दिसत असूनही पिल्लाला होऊ शकतं, आणि म्हणूनच याची एखादी साधी डीएनए टेस्ट नाही. जीनमधून कल येतो, पण तो किती उघड होईल हे वजन, वाढीचा वेग, फरशी, व्यायाम यावर ठरतं. आपल्या हातात जे आहे ते इथे आहे.

ओळखायचं कसं? घरातच बघा. कुत्रा तास-दोन तास गाढ झोपलेला असताना त्याच्या जवळ बसा आणि स्वयंपाकघरात डबा वाजवायला सांगा. निरोगी कुत्रा मागचे पाय अंगाखाली घेऊन एका दमात उठतो. खुबे दुखणारा आधी पुढचे दोन पाय रोवतो, छाती वर आणतो, मग पुढच्या पायांनी अख्खं अंग ओढून घेतो आणि मागचा भाग शेवटी, कधी एका बाजूला कलून, उचलतो, फरशी गुळगुळीत असेल तर मागचे पंजे बाहेर सरकतात आणि तो परत खाली बसतो. पहिली आठ-दहा पावलं ताठ पडतात, मग सैल होतो. उभा असताना मागचे दोन पाय जवळजवळ चिकटलेले आणि सगळा भार पुढे, छाती-खांदे भरलेले आणि मागच्या मांड्या बारीक. पळताना दोन्ही मागचे पाय एकदम उचलून सशासारखी उडी. जिना चढायला किंवा गाडीत उडी मारायला आधी थांबणं. यातलं दोन-तीन जुळलं तर एक्सरे काढाच.

आता जी गोष्ट सगळ्यांना फसवते ती. दुखणं दोन टप्प्यात येतं. पहिला टप्पा पाच ते दहा महिन्यांच्या आसपास, तेव्हा सांधा सैल असतो म्हणून दुखतं. मग वर्ष-सव्वा वर्षानंतर सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, मांसपेशी भरतात, सांधा बऱ्यापैकी आवळला जातो आणि कुत्रा बरा वाटायला लागतो. घरच्यांना वाटतं कॅल्शियमने गुण आला, तेलाने गुण आला. तोपर्यंत आत झीज सुरूच असते आणि दुसरा टप्पा काही वर्षांनी संधिवात म्हणून येतो. मधला हा बरा दिसणारा काळ म्हणजेच वजन आणि मांसपेशी सांभाळायची खरी वेळ असते आणि बहुतेक घरांत ती वाया जाते.

एक्सरे भूल किंवा गुंगी देऊन काढायचा असतो. जागं कुत्रं पाय आखडून धरतं, मांसपेशी सांध्याला आत ओढतात आणि सैलपणा झाकला जातो. कंबर तिरकी नको, दोन्ही मांड्या समांतर हव्यात, नाहीतर चांगला खुबा वाईट आणि वाईट खुबा चांगला दिसू शकतो. गुंगीत असतानाच डॉक्टर हाताने खुबा दाबून-फिरवून गोळा आत बसताना होणारा ‘टक’ तपासतात, त्याला ऑर्टोलानी म्हणतात, तो करून घ्या असं आवर्जून सांगा. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या, एक्सरे बघून खुब्यांना दर्जा देणाऱ्या ओएफए या संस्थेचा पक्का दाखला कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच मिळतो, पेनहिप नावाची पद्धत मात्र सोळा आठवड्यांपासून सांध्याचा सैलपणा मोजते. तुमच्या भागात पेनहिपवाला डॉक्टर नसेल तरी नीट काढलेला एक्सरे आणि ऑर्टोलानी एवढ्यावर निर्णय घेता येतात.

वजन, वजन आणि परत वजन

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण इथेच सगळे सैल पडतात.

एका पेटफूड कंपनीने ४८ लॅब्राडॉर पिल्लांवर चौदा वर्षं अभ्यास केला, निकाल २००२ मध्ये आले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या, एकाला नेहमीएवढं खाणं आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी, आयुष्यभर. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्याचं ११.२. आणि खुब्याचा संधिवात कमी खाणाऱ्यांमध्ये खूपच कमी आणि खूप उशिरा आला. रक्त तेच, घराणं तेच, फक्त ताटलीत फरक. दुसऱ्या एका अभ्यासात संधिवात असलेल्या जाड कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तेव्हाच लंगडणं स्पष्ट कमी झालं. म्हणजे ३६ किलोच्या लॅबचे साधारण दोन-सव्वादोन किलो. तेवढ्यासाठी ऑपरेशनही नको आणि महागडी गोळीही नको.

पण लॅबचं वजन उतरवणं किती कठीण हे ज्याच्याकडे आहे त्यालाच माहीत, आणि त्याचंही कारण रक्तातच आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची खबर मेंदूला नीट पोचत नाही. असा बिघडलेला जीन एका बाजूने आला तर वजनात सरासरी दोन किलोच्या आसपास भर. पुढे २०२४ मध्ये असंही दिसलं की हे कुत्रे दोन जेवणांच्या मधे जास्त भुकेले असतात आणि स्वस्थ बसलेले असताना ऊर्जाही सुमारे पाव हिस्सा कमी खर्च करतात. म्हणजे तो ‘हावरट’ नाहीये हो, त्याला खरोखर भूक लागलेली असते. त्याला ओरडून काही होणार नाही, घरातल्या माणसांना आवरायला लागेल.

आणि घरातली माणसं म्हणजे सगळी. तीस किलोच्या, नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लॅबला दिवसाला साधारण बाराशे-तेराशे कॅलरी पुरतात. एका मध्यम पोळीत शंभरच्या आसपास असतात. सकाळी आजी एक पोळी देते, दुपारी कामवाल्या मावशी अर्धी देतात, संध्याकाळी मुलं बिस्कीटं देतात, रात्री बाबांच्या ताटातली शेवटची पोळी तर त्याच्या हक्काचीच, आणि खाली वॉचमन काकांचा चहा-बिस्कीट वेगळा. दिवसाचा पाव हिस्सा इथेच झाला आणि पेडिग्री खाण्याचा मापाचा डबा मात्र पूर्ण भरून जातोय. आजीला ‘देऊ नका’ म्हटलं तर ती लपून देते हे लिहून ठेवा. त्यापेक्षा सकाळीच दिवसभराचं खाणं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, त्यातलंच मूठभर एका डब्यात काढून आजीच्या हातात द्या, तिला द्यायचंच आहे ना, मग यातलं दे. काकडी, गाजर, दुधी, उकडलेली फरसबी बिनधास्त चालते. द्राक्षं, मनुका, कांदा बिलकुल नको. मापाचा कप वापरू नका, प्रत्येक जण वेगळा भरतो, ग्रॅममध्येच मोजा.

बरोबर वजन किती हे तक्त्यात शोधू नका, बरगड्यांवर हात फिरवून बघा. आपला पंजा सपाट पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे, बाजूने बघितलं तर पोट वर गेलेलं. खुबे वाईट असलेला कुत्रा यापेक्षाही किंचित बारीकच बरा. लोक म्हणतील ‘काय ओ खायला देत नाही का’, म्हणू दे. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त वेगाने उतरवू नका, आणि सगळं करून उतरतच नसेल, त्यात अंगावरचे केस विरळ झालेत आणि दिवसभर सुस्त आहे, तर थायरॉइड तपासून घ्या.

घरातली फरशी, चालणं, औषध

आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स हा या कुत्र्यांचा रोजचा शत्रू आहे. पाय घसरला की खुब्याला झटका बसतो आणि तो सावरायला मांडीचे स्नायू ताणले जातात. सगळं घर मॅटने झाका असं नाही म्हणत, पण त्याची झोपायची जागा, पाण्याचं भांडं, दरवाजा आणि सोफ्याची कड, एवढी वाट तरी रबरी पाठ असलेल्या पायपुसण्यांनी किंवा जुन्या योगा मॅटने जोडा. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर वाढलीत, कापा. पंज्यांच्या गादीमधले केसही कापा, लॅबपेक्षा गोल्डनला हे फार लागतं.

व्यायाम बंद करायचा नाही. मांडीचे स्नायू हेच त्या सैल सांध्याचं खरं बांधकाम आहे. पट्ट्यावर, एका चालीने, दिवसातून दोन-तीन वेळा छोटे फेर, मातीवर किंवा गवतावर मिळालं तर उत्तम, हलका चढ असेल तर आणखी छान. बॉल फेकून पळवणं, उड्या, गुळगुळीत पार्किंगमध्ये दुसऱ्या कुत्र्याबरोबर दंगा हे बंद. आठवडाभर काही नाही आणि रविवारी सिंहगड, हा प्रकार सगळ्यात वाईट, सोमवारी लंगडतो म्हणून जे फोन येतात त्यातले निम्मे हेच. पोहणं उत्तम, सांध्यावर भार येत नाही, फक्त आत-बाहेर जायला उतार हवा, उडी नको, आणि ज्याला कानाचा त्रास आहे त्याचे कान नंतर कोरडे करायचे.

औषधात कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फायरोकॉक्सिब ही कुत्र्यांसाठी वापरली जाणारी पेनकिलर आहेत, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात आणि खाण्याबरोबर, आणि महिन्यांनी महिने चालणार असतील तर सुरू करण्याआधी आणि मधेमधे लिव्हर-किडनीची रक्त तपासणी. माणसांची डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घरातल्या डब्यातून काढून देऊ नका, पोटात अल्सर होऊन, किडनी बंद पडून कुत्री मेलीत त्याने. पॅरासिटामॉलही मनाने नको. आणि या पेनकिलरबरोबर स्टेरॉइड कधीच एकत्र नको, हे नीट लक्षात ठेवा कारण पुढे खाजेचा भाग येतोय आणि तिथे स्टेरॉइड हमखास येतं. मासळीच्या तेलातलं ओमेगा-३ चांगलं काम करतं, पण महिना-दोन महिने लागतात आणि त्याच्याही कॅलरी मोजायच्या. ग्लुकोसामिन द्यायचं तर द्या, मी मात्र तेच पैसे मॅटवर आणि चांगल्या एक्सरेवर घालवीन.

ऑपरेशनबद्दल वय फार महत्त्वाचं आहे. तीन ते पाच महिन्यांच्या पिल्लात सैलपणा सापडला तर एक छोटं ऑपरेशन आहे ज्यात कमरेच्या हाडाची खालची वाढ थांबवून वाटी गोळ्यावर नीट फिरवून घेतात. पाच ते दहा महिन्यांत, संधिवात सुरू झालेला नसेल तर, कमरेचं हाड कापून वाटीचा कोन बदलता येतो. त्यानंतर ही दोन्ही दारं बंद. मग उरतं गोळा काढून टाकणं, त्यात स्नायू भरून खोटा सांधा तयार होतो, हलक्या कुत्र्यात छान जमतं, जड कुत्र्यात व्यायाम करून घेतला तर बरं जमतं. किंवा पूर्ण खुबा बदलणं, ते सगळ्यात चांगलं पण महाग, आणि हात बसलेला सर्जन लागतो. परळचं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज, नागपूर, शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजांत सर्जरीचे विभाग आहेत, तिथेही दाखवून मत घेता येतं. आणि बऱ्याच कुत्र्यांना ऑपरेशन लागतच नाही, वजन-व्यायाम-औषध यावर म्हातारपणापर्यंत मजेत जातात, हेही तेवढंच खरं.

पिल्लू घरात असेल तर दोन गोष्टी आजच. एक, कॅल्शियम सिरप बंद. मोठ्या जातीच्या, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. लार्ज ब्रीड पपी फूड देताय ना, त्यात मोजून घातलेलं असतं. घरचं जेवण असेल तर हिशोब डॉक्टरांकडून करून घ्या, अंदाजपंचे सिरप नको. दोन, तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला रोज जिने चढ-उतार करायला लावू नका, नॉर्वेतल्या एका अभ्यासात अशा पिल्लांना खुब्याचा धोका जास्त दिसला आणि मऊ, चढ-उताराच्या जमिनीवर मोकळं खेळलेल्यांना कमी. लिफ्ट नसेल तर उचलून न्या. नसबंदीही मोठ्या जातीत वर्षाच्या आत करायची घाई नको, गोल्डन, लॅब, शेफर्डमध्ये लवकर केली तर सांध्यांचे आजार वाढतात असं कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अभ्यासांत दिसलंय, डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा.

आता कान आणि खाज

पंजे चाटून चाटून केस तांबूस झालेत, काखा आणि पोट लाल, तोंड सोफ्याला घासतो, कानात तपकिरी मळ आणि आंबूस वास, पहिल्यांदा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झालं, आणि पावसाळ्यात वाढतं. हे बहुतेक वेळा आईबापाकडून आलेली अॅलर्जी, म्हणजे अ‍ॅटोपी. लॅब, गोल्डन, शेफर्ड, पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांच्यात घराण्यातून येते. कातडीचा पडदा जन्मतःच कमकुवत, धुळीतले माइट, बुरशी, परागकण आत शिरतात आणि अंग पेटतं, त्यावर मग यीस्ट आणि बॅक्टेरिया वाढतात. आपण ड्रॉपने यीस्ट मारतो, खाली अ‍ॅलर्जी तशीच, म्हणून परत. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका.

क्रम महत्त्वाचा आहे आणि लोक मधूनच सुरू करतात. आधी पिसवा-गोचिडींचं औषध, घरातल्या सगळ्या जनावरांना, बारा महिने. मग कानातला आणि कातडीवरचा मळ मायक्रोस्कोपखाली. पाच मिनिटांचं काम आहे, यीस्ट आहे की गोल जंतू की काठीसारखे जंतू हे कळतं आणि त्यावर औषध ठरतं. न बघता तीच बाटली तिसऱ्यांदा लिहून मिळत असेल तर सरळ विनंती करा की सर, एकदा स्लाइड करूया. कानाचा पडदा शाबूत आहे का तेही बघून घ्या. खोबरेल तेल, हळद, लिंबू कानात घालायचं नाही, कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते मग आत वळते, घातलेलं तळाशीच बसतं. अंगाला क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, फेस करून दहा मिनिटं ठेवायचा, आणि ही दहा मिनिटं खरंच घड्याळ लावून, मग बोटांच्या मधेपर्यंत कोरडं करायचं. फरशीचं जंतुनाशक पाण्यात टाकून आंघोळ नको.

इन्फेक्शन आटोक्यात आलं तरी खाज उरली असेल आणि ती सगळ्या ऋतूंत असेल तर खाण्याची चाचणी. आठ आठवडे फक्त एकच खाणं, डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनं बारीक तोडलेलं) किंवा असं मांस जे त्याने आयुष्यात खाल्लेलं नाही. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या डॉगफूडमध्ये चिकन असतं हे लक्षात घ्या. या आठ आठवड्यांत चवीची जंताची गोळीसुद्धा नको, वॉचमन काकांना हात जोडून सांगा. शेवटी जुनं खाणं परत देऊन खाज येते का बघायचं, तरच निदान पक्कं. रक्ताच्या, केसांच्या ‘फूड अ‍ॅलर्जी टेस्ट’वर पैसे घालवू नका, भरवशाच्या नाहीत. खाण्याने फरक नाही पडला तर मग अ‍ॅटोपी धरून चालायचं आणि ऑक्लासिटिनिब, सायक्लोस्पोरिन, किंवा अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं यातलं काय झेपतं ते डॉक्टरांबरोबर ठरवायचं. स्टेरॉइड थोडे दिवस, कमीत कमी मापात ठीक, पण दर महिन्याला लांब टिकणारं इंजेक्शन म्हणजे तहान, सारखी सू, भूक, आणि वाढलेलं वजन जाऊन बसतं कुठे तर खुब्यावर. ज्या लॅबला दोन्ही आहे त्याच्या डॉक्टरांना दोन्ही औषधांची यादी एकत्र दाखवा, विशेषतः खाज एकाकडे आणि पाय दुसऱ्याकडे दाखवत असाल तर.

बाकीचे थोडक्यात

पग, फ्रेंची, शिह त्झू घोरतात ते ‘क्यूट’ नाही, नाकपुड्या अरुंद आणि टाळू लांब असल्याने श्वास अडतो. गळपट्टा काढून हार्नेस, वजन कमी, उन्हाळ्यात फिरणं पहाटे, आणि नाकपुड्या अगदी मिटलेल्या असतील तर तरुण वयातच ऑपरेशन, म्हातारपणी भूल देणं कठीण जातं. नागपूर-विदर्भातल्या मे महिन्यात हे कुत्रं दुपारी बाहेर काढायचंच नाही. डॅशहुंड अचानक पाठ वाकवून बसला, कण्हतोय, मागचे पाय अडखळतायत, तर मणक्याची चकती सरकली असणार, तो त्याच दिवशी दवाखान्यात, उद्या नाही. म्हाताऱ्या शेफर्डचे मागचे पाय लडबडतात, नखं वरून घासलेली, पंजा उलटा पडतो पण दाबल्यावर दुखत नाही, तर खुब्यापेक्षा मज्जारज्जूचा आजार असू शकतो, तिथे पेनकिलरचा उपयोग नाही. लॅब किंवा कॉकर संध्याकाळी अंधारात अडखळायला लागला तर डोळ्याचा पडदा तपासा. आणि कोली किंवा कोलीचं रक्त असलेल्या कुत्र्याला गोचिडीसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊ देऊ नका, एमडीआर-१ जीन बिघडलेला असेल तर ते मेंदूत शिरतं आणि जिवावर बेततं.

पैदास

खुबे, कोपर, खाज यातलं काही निघालं असेल तर त्या कुत्र्याचं मेटिंग करायचं नाही, ‘एकदा तरी पिल्लं होऊ दे’ म्हणून सुद्धा नाही. नवीन पिल्लू घेताना केनेल क्लबचा कागद म्हणजे वंशावळ, तब्येतीचा दाखला नव्हे. ब्रीडरकडे आईबाप दोघांचे खुबे-कोपरांचे एक्सरे मागा, आईला प्रत्यक्ष चालताना बघा, खाजवतेय का बघा, आणि २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही हेही लक्षात असू द्या. एक्सरे मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

आणि तुमच्या कुत्र्याचं निदान झालं की रिपोर्टची कॉपी ज्याच्याकडून घेतला त्याला पाठवा, भांडायला नाही, तीच जोडी परत लावू नये म्हणून. एकाच वेतातली पिल्लं घेतलेल्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो बऱ्याचदा, तिथेही टाका. त्याच आईबापाचं पुढचं पिल्लू कुणाकडे असेल आणि ते अजून चार महिन्यांचं असेल तर त्यांच्याकडे एक्सरे काढायला, सिरप बंद करायला आणि ते छोटं ऑपरेशन करायचं का हे ठरवायला अजून वेळ आहे.